बुरशीशी शेजारधर्म

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांविषयी एक छोटी नोंद छापून आली. एड्सविषयीचा तो पहिला छापील दस्तऐवज मानला जातो. पाचही जणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता आणि पुढच्या सगळ्या चर्चेत तोच गाजला. (तो घडवणारा जीवही पुढे बुरशीच्याच कुळातला निघाला.) पण त्याच नोंदीत आणखी एक निरीक्षण होते. त्या पाचही जणांना कँडिडा या यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा संसर्ग झालेला होता, आणि तो तोंडासारख्या ओलसर अस्तरावर होता. पुढच्या काही वर्षांत एड्सचे हजारो रुग्ण पाहिल्यावर डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. या रुग्णांची जीभ, टाळू, अन्ननलिका पांढऱ्या थराने भरून जात असे, घास गिळणे मुश्कील होत असे. पण तीच कँडिडा त्यांच्या रक्तात उतरलेली क्वचितच सापडे. शेजारच्या वॉर्डात रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्यांची तऱ्हा निराळी होती. त्यांच्यात ही बुरशी रक्तात शिरून मूत्रपिंड, यकृत, डोळे असे अवयव गाठत असे आणि जीव घेत असे. पहिल्या गटात टी-पेशींचा एक प्रकार संपत चाललेला होता, दुसऱ्या गटात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. दोघांविषयीही आपण ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असेच म्हणतो. पण तेवढ्याने एकाचे तोंड का आले आणि दुसऱ्याचे रक्त का नासले, हे कळत नाही.

हा भेद आज मांडण्याचे कारण असे की, कोविडनंतर आपल्याकडे प्रतिकारशक्ती ही मोजून घ्यायची आणि ओतून वाढवायची वस्तू झाली आहे. काढे, च्यवनप्राश, गोळ्या, रस, बिस्किटे, अगदी पिठाच्या पिशवीवरसुद्धा ती वाढवल्याचा दावा असतो. गिऱ्हाइकाच्या मनात एक टाकी आहे, ती भरलेली असली की आजार येत नाही आणि रिकामी झाली की येतो. यीस्टच्या संसर्गाचा गेल्या चाळीसएक वर्षांतला अभ्यास या कल्पनेला जितका जोराचा धक्का देतो, तितका क्वचितच दुसरा कुठला देत असेल. माझे म्हणणे असे आहे: शरीराची कँडिडाविरुद्धची व्यवस्था ही एका राशीसारखी कमीजास्त होणारी गोष्ट नाही. ती जागेगणिक वेगळी आहे, तिच्या कामाचा मोठा भाग मारण्याचा नसून आवरण्याचा आहे, आणि कित्येकदा आपण ज्याला आजार म्हणतो तो तिच्या कमतरतेचा नव्हे, अतिरेकाचा परिणाम असतो. असे असेल तर ‘वाढवा’ हा सल्ला निरुपयोगी ठरतोच, शिवाय तो रुग्णाला चुकीच्या दारात उभे करतो.

आधी या बुरशीचे राहणे पाहू. कँडिडा अल्बिकन्स ही बाहेरून येऊन हल्ला करणारी जात नव्हे. निरोगी माणसांपैकी फार मोठ्या हिश्श्याच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ती बिनबोभाट नांदत असते. तिच्याशी शरीराचे नाते शेजाऱ्याशी असते तसे आहे: तो आहे याला हरकत नसते, तो भिंत फोडू लागला तर असते. मग भिंत फुटते आहे हे कळते कसे? कँडिडाची दोन रूपे आहेत. एक गोल, फुगवट्याने वाढणारी पेशी. दुसरे लांबट तंतू, जे अस्तराच्या पेशींत घुसू शकतात. तिच्या पेशीभित्तिकेत बाहेरून मॅनन नावाच्या शर्करेचा थर असतो आणि त्याखाली बीटा-ग्लुकान झाकलेले असते. २००१ मध्ये गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवले की, आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राहक याच बीटा-ग्लुकानला ओळखतो. म्हणजे बुरशी जेवढी नीट झाकलेली, तेवढी शरीराची नजर तिच्यावर कमी पडते. पण याहून महत्त्वाचा शोध २०१६ मध्ये लंडन आणि येना इथल्या संशोधकांनी मिळून लावला. तंतुरूपातली कँडिडा कँडिडालायसिन नावाचे एक छोटे प्रथिन सोडते, ते अस्तराच्या पेशींच्या पडद्याला भोके पाडते आणि त्या इजेनेच पेशी जाग्या होऊन धोक्याचे संदेश सोडू लागतात. माणसाला ग्रासणाऱ्या बुरशीत अशा प्रकारचे विष सापडण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा अर्थ फार बोलका आहे. गोल पेशी समोर असल्या तरी अस्तर फारसे विचलित होत नाही. इजा होऊ लागली की ते उठते. बुरशी दिसली की तुटून पडायचे, हा शरीराचा नियम नाही. तसा असता तर आपले तोंड आणि आतडे जन्मभर सुजलेलेच राहिले असते.

अस्तराची राखण कोण करते, याचे उत्तर मात्र २०१०-११ च्या सुमाराला जवळजवळ एकाच वेळी अनेक बाजूंनी मिळाले, आणि ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. जगात काही थोडी मुले अशी असतात, ज्यांना लहानपणापासून तोंड, नखे आणि त्वचा यांवर कँडिडाचा चिवट, कायमचा संसर्ग असतो. बाकी बहुतेक जिवाणू, विषाणू त्यांना इतरांइतकेच भेटतात आणि इतरांसारखेच निघून जातात. २०११ मध्ये पॅरिसच्या गटाने अशा काही रुग्णांत इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनाच्या यंत्रणेतच जनुकीय बिघाड असल्याचे दाखवले. त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचे कोडे उलगडले होते. त्या आजारात शरीर स्वतःच्याच अवयवांविरुद्ध उठते, आणि त्याच्या रुग्णांच्या रक्तात याच इंटरल्युकिन-१७ च्या विरोधात प्रतिपिंडे सापडली. म्हणजे त्यांचे संरक्षण दुबळे नव्हते. ते स्वतःच्याच एका शाखेवर उलटले होते. मग आली सोरायसिसवरची औषधे. सेक्युकिनुमॅबसारखी इंजेक्शने हे प्रथिन मुद्दाम अडवतात आणि त्वचेवरचे चट्टे त्यामुळे भराभर ओसरतात. ती घेणाऱ्यांपैकी काहींच्या तोंडात किंवा योनिमार्गात कँडिडा वाढते, बहुधा सौम्य, साध्या औषधाने जाणारी. रक्तातला कँडिडा संसर्ग मात्र त्यामुळे वाढलेला दिसत नाही. एक तार कापली तर नेमकी कोणती जागा उघडी पडते, याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित हाती लागतो. एड्सच्या रुग्णांचे कोडेही इथेच सुटते, कारण हे संदेशवाहक प्रथिन बनवणाऱ्या टी-पेशी एचआयव्ही प्रामुख्याने संपवतो.

त्याच काळात सापडलेला आणखी एक प्रकार टाकीच्या कल्पनेला सरळ उलटा करतो. चिवट कँडिडा असलेल्या अनेक कुटुंबांत स्टॅट-१ नावाच्या प्रथिनात बदल आढळला, आणि तो बदल त्या प्रथिनाचे काम कमी करणारा नसून वाढवणारा होता. इंटरफेरॉनच्या संदेशांना या माणसांच्या पेशी गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात आणि त्या गोंगाटात इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या पेशी पुरेशा घडतच नाहीत. यातल्या काही रुग्णांना रुक्सोलिटिनिब हे प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणारे औषध दिल्यावर त्यांचा बुरशीसंसर्ग कमी झाला. संसर्ग झालेल्या माणसाला प्रतिकार दाबणारे औषध द्यायचे आणि त्याने संसर्ग हटायचा, हे ऐकताना विसंगत वाटते. विसंगती आपल्या समजुतीत आहे.

रक्ताची गोष्ट तुलनेने सरळ आहे. तिथे न्यूट्रोफिल हवेत आणि ते धड चालायला हवेत. १९६९ मध्येच लेहरर आणि क्लाइन यांनी मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसलेल्या न्यूट्रोफिलांना कँडिडा मारता येत नाही हे दाखवले होते. गंमत अशी की, ही उणीव असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीच होत नाही. मधुमेहासारखी दुसरी अडचण जोडीला आली की ती उघडी पडते. २००९ मध्ये एका इराणी कुटुंबातला कार्ड-९ या प्रथिनाचा बिघाड प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींच्या मेंदूपर्यंत कँडिडा पोचली होती. म्हणजे मेंदूचा हिशेब आणखी वेगळा. बाकी रुग्णालयात रक्तात उतरणाऱ्या कँडिडाला वाट बहुतेक वेळा आपणच करून देतो: शिरेत दिवसेंदिवस राहिलेली नळी, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, आतड्यातले जिवाणू झाडून काढणारी अँटिबायोटिके. उंदरांवरच्या २०२२ च्या एका अभ्यासात तर असे दिसले की, अँटिबायोटिके बुरशीला जागा मोकळी करून देतातच, शिवाय आतड्याच्या भिंतीतल्या लिम्फोसाइट पेशींचे इंटरल्युकिन-१७ चे कामही मंदावते आणि उरलेले जिवाणू रक्तात निसटतात. रक्तातली कँडिडा औषधे असूनही मोठ्या संख्येने जीव घेते, हे कुठल्याही अतिदक्षता विभागातले डॉक्टर सांगतील.

आता ज्या जागेविषयी सर्वांत जास्त लोकांना उत्तर हवे असते आणि सर्वांत कमी बोलले जाते, त्या योनिमार्गाकडे येऊ. सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी यीस्टचा संसर्ग होतो आणि त्यातल्या काहींना तो वर्षातून तीन-चार वेळा परतून येतो. अंगावरून दह्यासारखे पांढरे जाणे, असह्य खाज, आग. घरात आणि दवाखान्यातही त्यांना एकच गोष्ट ऐकवली जाते, की तुमची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे. यातल्या बहुसंख्य स्त्रिया अन्यथा पूर्ण निरोगी असतात. एचआयव्हीच्या रुग्णांत तोंडाची कँडिडा जशी टी-पेशींच्या घटीबरोबर वाढते, तशी योनिमार्गाची वाढत नाही, हे फार पूर्वी लक्षात आले होते. २००४ मध्ये लुईझियानातल्या पॉल फिडेल यांच्या गटाने स्वयंसेवक स्त्रियांवर थेट प्रयोग केला. त्यांच्या योनिमार्गात जिवंत कँडिडा सोडली आणि पाहिले. ज्यांना त्रास झाला त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिलांची गर्दी होती. ज्यांना काही झाले नाही त्यांच्यात जळजळीची कसलीच खूण नव्हती. संरक्षण तिथे शांततेच्या रूपात होते, आणि आजार म्हणजे बोलावणे गेल्यावर येऊन थडकलेल्या पेशींचा गोंधळ. पुढच्या कामातून असेही दिसले की, योनिमार्गात आलेले हे न्यूट्रोफिल बुरशी मारण्यात कुचकामी ठरतात. खाज आणि आग मात्र तेच घडवतात.

या पुराव्याची एक मजेदार पुढची पायरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कँडिडाला वाढायला जस्त, म्हणजे झिंक लागते. ते कमी असले की ती प्रा-१ नावाचे प्रथिन बाहेर सोडून जस्त गोळा करते, आणि हेच प्रथिन न्यूट्रोफिलांना खेचून आणते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्या जागी थोडे जस्त पुरवले, तेव्हा बुरशीने प्रा-१ बनवणे आटोपते घेतले आणि जळजळ शमली. जस्तयुक्त जेल वापरणाऱ्या मोजक्या स्त्रियांवरच्या प्राथमिक पाहणीतही ते उपयोगी ठरल्याचे दिसले. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी म्हणून जस्ताच्या गोळ्या आपल्याकडे कोविडकाळात भराभर खपल्या. इथे तेच जस्त उपयोगी पडले ते प्रतिकार वाढवून नव्हे. पांढऱ्या पेशींना बोलावणे थांबवून. अर्थात यावरून कुणी गोळ्या गिळू नयेत. प्रयोग त्या जागी लावायच्या जेलचा होता आणि मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत.

आतड्यातही हेच सूत्र वेगळ्या तऱ्हेने दिसते. २०२१ मधल्या संशोधनानुसार आपल्या आतड्यात पाझरणारी आयजीए प्रतिपिंडे कँडिडाच्या तंतुरूपाला प्राधान्याने पकडतात आणि गोल पेशींना बहुतांशी सोडून देतात. हद्दपार करण्यापेक्षा वळण लावण्याचे ते काम आहे. आणि या सहवासाचा शरीराला फायदाही होतो असे दिसते. २०१९ च्या एका जर्मन अभ्यासात माणसाच्या बुरशीविरोधी टी-पेशींपैकी मोठा हिस्सा कँडिडामुळेच घडलेला आढळला. त्याच पेशी इतर बुरशींनाही ओळखत होत्या. त्यातच एक इशाराही होता. हवेतून फुप्फुसात येणाऱ्या ॲस्परजिलस या बुरशीला ओळखणाऱ्या अशाच पेशी काही फुप्फुसरोग्यांत अति संख्येने आढळल्या आणि त्यांचा आजाराशी संबंध दिसला. जे आतड्यात उपकारक तेच फुप्फुसात तापदायक. अशा यंत्रणेला सरसकट ‘वाढव’ म्हणून हुकूम सोडायचा, तर तो नेमका कुठे पोचावा?

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. एड्स, कुपोषण, अनियंत्रित मधुमेह, केमोथेरपी या अवस्थांत संरक्षण खरोखरच खचते आणि यीस्ट वाढते. मग ते सावरणे म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणेच नव्हे का? सावरणे हवेच. पण या प्रत्येक उदाहरणात उपाय काय आहे ते पाहावे. एचआयव्हीवर विषाणूविरोधी औषधे, ज्याने टी-पेशी परत येतात. मधुमेहात साखरेवर ताबा. केमोथेरपीत न्यूट्रोफिल वाढवणारे नेमके इंजेक्शन. कुपोषणात पुरेसे अन्न. हरवलेले काय ते ओळखून ते भरून काढणे ही एक गोष्ट, आणि काहीच हरवलेले नसताना वर आणखी चढवणे ही दुसरी. पहिलीचे पुरावे दुसरीच्या जाहिरातीसाठी वापरले जातात. मधुमेहाचेच पाहा. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फार उपकारक आहेत, आणि ती घेणाऱ्यांत जननेंद्रियांच्या जागी यीस्टचा संसर्ग वाढतो. कारण सरळ आहे, बुरशीला तिथे साखर मिळते. यात प्रतिकारशक्तीचा दोष शोधणे म्हणजे कारण समोर असताना त्याच्याकडे पाठ फिरवणे. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणे किंवा रात्री कवळी तोंडातच ठेवून झोपणे, ही कारणेही याच जातीची.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू वाचकाचा. नेदरलँड्सचे मिहाई नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दीड दशकात दाखवले आहे की, कँडिडाच्या भित्तिकेतले बीटा-ग्लुकान किंवा बीसीजीची लस भेटल्यावर आपल्या मोनोसाइट पेशी पुढच्या भेटीला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. हे खरे विज्ञान आहे आणि मी ते नाकारत नाही. अळिंबीच्या पावडरी विकणाऱ्यांनी ते कधीच उचलले आहे. पण प्रयोगशाळेत उंदराला टोचलेले शुद्ध बीटा-ग्लुकान आणि डब्यातली चमचाभर पावडर यांत अंतर आहे. आणि तो जोम म्हणजे मुख्यतः जळजळीचे संदेश जास्त सोडण्याची तयारी असल्याने, रक्तवाहिन्यांच्या आजारात त्याच तयारीचा तोटा होतो का, याचाही तपास हेच संशोधक करत आहेत. लसीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. वारंवार योनिसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांवर कँडिडाच्या एकाच प्रथिनाविरुद्धच्या लसीची चाचणी झाली, २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत ती उपयोगी पडल्याचे दिसले. लस म्हणजे एका ठरावीक खुणेविरुद्धचा ठरावीक प्रतिसाद.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा: काढा प्यायला, दही खाल्ले, तर बिघडले काय? बहुतेक वेळा काही नाही, आणि दही तर जेवणात असावेच. बिघडते ते त्यावर विसंबल्याने. मेलबर्नमध्ये अँटिबायोटिक घेणाऱ्या २३५ स्त्रियांना लॅक्टोबॅसिलस जिवाणू तोंडावाटे किंवा योनीत देऊन यीस्ट टळते का पाहिले. २००४ मध्ये आलेला निष्कर्ष होता की टळत नाही, आणि जवळपास पाव स्त्रियांना संसर्ग झालाच. अमेरिकेत २००२ मध्ये औषधाच्या दुकानातून स्वतःहून यीस्टचे मलम विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यातल्या जेमतेम एक-तृतीयांशांना खरोखर यीस्टचा संसर्ग होता. उरलेल्यांपैकी कित्येकींना जिवाणूंचा त्रास होता, ज्यावर ते मलम कामाचे नाही. याच्या दुसऱ्या टोकाला, थकवा, डोकेदुखी, उदासी या सगळ्यामागे शरीरभर पसरलेली यीस्टच आहे असे सांगणारा एक पंथ १९८० च्या दशकात अमेरिकेत फोफावला. १९९० मध्ये नियंत्रित चाचणीत बुरशीनाशक औषधाने त्या सर्वांगीण तक्रारींवर साखरेच्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. तो पंथ आता आपल्याकडे ‘आतड्याची सफाई’ म्हणून येतो आहे. गोळी घेतली नाही तर भाकरी सोडा, साखर सोडा, आंबवलेले सोडा. निदानाचे नाव नाही.

महाराष्ट्राला या चुकीची किंमत ठाऊक असायला हवी. २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली तेव्हा देशभरात जूनअखेरपर्यंत चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि आपले राज्य त्यात आघाडीवर होते. ती यीस्ट नव्हे, वेगळी बुरशी. पण धडा तोच. त्या रुग्णांतले बहुसंख्य मधुमेही होते आणि त्यांना कोविडवर स्टिरॉइड दिलेली होती, कित्येकदा गरज नसताना किंवा जास्त मात्रेत. ज्या महिन्यांत घरोघर प्रतिकारशक्ती वाढवणे चालू होते, त्याच महिन्यांत रक्तातली साखर मोजली गेली नाही आणि स्टिरॉइडचा हात सैल सुटला. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडयुक्त मिश्र मलमांचेही तसेच. खाज तासाभरात थांबते म्हणून ती खपतात. खाज थांबते कारण त्या जागेचा प्रतिसाद झोपतो आणि बुरशी निवांत पसरते. २०१८ मध्ये केंद्राने त्वचेवरच्या अनेक स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातले. यादी आहे, गल्लीतल्या दुकानात ती दिसत नाही.

इथे कुणी म्हणेल की, एकीकडे प्रतिसाद आवरणे चांगले म्हणता आणि दुसरीकडे स्टिरॉइडने तो आवरला तर नावे ठेवता. फरक जागेचा आणि नेमकेपणाचा आहे. स्टॅट-१ च्या रुग्णाला औषध दिले ते कोणती तार ताणली आहे हे जनुक वाचून कळल्यावर. मलम चोळले जाते ते खाज कशाची हे न पाहता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यातल्या अतिगंभीर चारांत कँडिडा अल्बिकन्स आणि कँडिडा ऑरिस या कँडिडाच्या दोन जाती आहेत. ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही आणि रुग्णालयातल्या पृष्ठभागांवर टिकून राहते. तिच्यासमोर रुग्णाने काय प्यायले याला अर्थ नाही. नळी वेळेत काढली का, हात धुतले का, अँटिबायोटिक थांबवले का, याला आहे.

म्हणून सरकारकडे मागायचे ते जाहिरातींवर लगाम एवढेच नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकलेली काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक, सोबत आम्लता पाहण्याची कागदी पट्टी, एवढ्यावर योनिमार्गातली यीस्ट आणि जिवाणूंचा त्रास यांतला फरक बऱ्याच प्रमाणात कळतो. क्षयाच्या थुंकीतपासणीसाठी सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ आपल्या सार्वजनिक आरोग्यकेंद्रांत पूर्वीपासून आहेत. त्यांना आणखी एक काचपट्टी वाचायला शिकवणे हे खर्चाचे काम नव्हे. संसर्ग परतून येणाऱ्या स्त्रीची साखर तपासावी, तिने अलीकडे कोणती अँटिबायोटिके आणि मलमे घेतली ते विचारावे, आणि यीस्ट पक्की ठरली तर उपचार पुरेसा लांब द्यावा. २००४ च्या चाचणीत फ्लुकोनॅझोलची आठवड्याला एक गोळी सहा महिने घेणाऱ्या नव्वद टक्के स्त्रिया त्या काळात त्रासमुक्त राहिल्या. गोळी थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा त्रास परतला. हे दोन्ही आकडे डॉक्टरांनी तिला उपचार सुरू करतानाच सांगावेत, आणि परतलेला त्रास हा तिच्या शरीराचा नाकर्तेपणा नाही हेही तेव्हाच सांगून ठेवावे.